तयार आपत्कालीन बॅग घ्यावी का? सत्तरीच्या पावसात वापरून पाहिल्यानंतरचे परीक्षण

२३ जुलै २०२१ रोजी गोव्यात म्हादई नदीचे पाणी सत्तरी तालुक्यातल्या गावांत शिरले, तेव्हा माझे मामा, मामी आणि ऐंशी ओलांडलेली आजी घराच्या माळ्यावर चढून बसली होती. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे मुख्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितले होते. पैकूळचा पूल याच पुरात कोसळला. मी साखळी शहरात होतो आणि आजोळाकडे जाणारा रस्ता पाण्याखाली होता. मामांच्या मोबाइलची बॅटरी सहा टक्क्यांवर आली होती, म्हणून तासातून एकदाच, तेही अर्धा मिनिट बोलायचे असे आम्ही ठरवले. "पाणी पाचव्या पायरीवर आहे," एवढे ऐकायचे आणि फोन ठेवायचा, असा तो दिवस गेला.

पाणी ओसरून आठवडाही झाला नसेल, तोच मी इंटरनेटवरून एक तयार आपत्कालीन बॅग मागवली. लाल रंगाची, पाठीवर घेण्याची, आत बत्तीस वस्तू, "७२ तास तग धरण्यासाठी व स्वसंरक्षणासाठी संपूर्ण संच" असा दावा आणि किंमत ३,८९९ रुपये. कंपनीचे नाव देत नाही, कारण हाच माल निरनिराळ्या नावांनी आणि थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी विकला जातो. त्यामुळे एका नावावर बोट ठेवून वाचकाचा फायदा नाही. ही बॅग आजोळी आणि आमच्या घरी मिळून चार पावसाळे राहिली आहे. त्यातले काय उपयोगी पडले, काय पडले नाही आणि जे पडले नाही त्याच्या जागी आम्ही काय घेतले, हे येथे सांगतो.

बॅग उघडल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, ज्याने हा संच जुळवला त्याच्या डोळ्यांसमोर थंड प्रदेशातल्या जंगलात एकटा हरवलेला धडधाकट तरुण होता. होकायंत्र, चकमक, मासे धरण्याचे गळ, तारेची करवत, अंगाभोवती गुंडाळण्याचा चंदेरी पन्नीचा कागद. आमच्या आपत्तीचे स्वरूप अगदी वेगळे असते. आमच्याकडे माणूस कुठे हरवत नाही, तो आपल्याच घराच्या माळ्यावर अडकतो. बरोबर म्हातारी माणसे असतात, चोहीकडे पाणी असते आणि त्यातले प्यायला एक घोट नसतो. चकमकीने पेटवायला आषाढात सुके लाकूड कुठून आणायचे, हा मामांचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर बॅगेसोबत आलेल्या माहितीपत्रकात नव्हते.

पाण्यापासूनच सुरुवात करतो, कारण संचातली सर्वांत आकर्षक वस्तू म्हणजे पाणी गाळणारी नळी. नळीचे एक टोक ओढ्यात बुडवायचे आणि दुसऱ्या टोकाने शीतपेयासारखे पाणी ओढायचे. आत पोकळ धाग्यांची गाळणी असते आणि तिची छिद्रे ०.२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहेत, असे वेष्टनावर छापले आहे. एवढ्या छिद्रांतून पटकीचे किंवा विषमज्वराचे जिवाणू सहसा जात नाहीत, हे खरे आहे. परंतु पुरानंतर विहिरी दूषित झाल्या की आपल्याकडे काविळीची भीती असते आणि त्या काविळीचा विषाणू सुमारे ०.०३ मायक्रॉनचा असतो. तो या गाळणीतून बिनदिक्कत पार होतो. लेप्टोचा, म्हणजे उंदीर तापाचा जंतू नागमोडी आणि इतका बारीक, जेमतेम ०.१ मायक्रॉन जाडीचा असतो की, ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निसटू शकतो. शेतांतून वाहून आलेली कीटकनाशके किंवा गॅरेजातले तेल तर असली गाळणी अडवतच नाही. यापेक्षाही साधी अडचण आम्हाला परसातच दिसली. ओहोळातले तांबडे गढूळ पाणी भांड्यात घेऊन मी नळी ओढू लागलो, तर दहा-बारा घोटांनंतर गाल दुखेपर्यंत ओढूनही पाणी येईना. आमच्याकडच्या तांबड्या मातीच्या बारीक गाळाने गाळणी चोंदली होती. शिवाय आजीने, जिला पेल्यानेही सावकाश प्यावे लागते, त्या नळीतून पाणी ओढावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

या नळीऐवजी आम्ही जे ठेवले ते अगदीच साधे आहे. वीस लिटरचे झाकणबंद दोन कॅन जूनपासून माळ्यावर भरून असतात. माणशी दिवसाला तीन लिटर धरले, तर चार माणसांना तीन दिवसांना छत्तीस लिटर लागतात, म्हणून दोन कॅन. दर पंधरवड्याला ते पाणी झाडांना घालायचे आणि नवे भरायचे. त्याखेरीज औषधाच्या दुकानातून आणलेल्या क्लोरीनच्या गोळ्या आहेत. किती लिटरला एक गोळी हे प्रत्येक उत्पादनाचे वेगळे असते, म्हणून पाकिटावरचा मजकूर आधीच वाचून कॅनवर मार्करने लिहून ठेवावा, कारण अंधारात बारीक अक्षर वाचता येत नाही. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे, चौपदरी कापडातून गाळावे, मग गोळी टाकावी आणि किमान अर्धा तास थांबावे. गॅस चालू असेल तर पाण्याला एक मिनिटभर खळखळून उकळी आणणे हा सर्वांत भरवशाचा उपाय होय. लेप्टोविषयी एक गोष्ट या ओघातच सांगायला हवी. हा रोग बहुतेक वेळा पायांच्या भेगांतून आणि खरचटलेल्या कातडीतून शरीरात शिरतो, त्यामुळे पाणी गाळण्याच्या नळीपेक्षा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेतलेले गुडघ्याएवढे गमबूट या बाबतीत अधिक कामाचे ठरले. पुरानंतर घरातला चिखल उपसताना ते सर्वांनी घातले होते. मामांनी मात्र घातले नाहीत, कारण बूट घातले की पाय घसरतो असे त्यांचे मत आहे आणि आम्ही ते बदलू शकलेलो नाही.

विजेरीचा दावा तर हास्यास्पद होता. डब्यावर "२००० लुमेन" असे ठळक छापले आहे आणि आत घालायचे आहेत तीन बारीक सेल. लुमेन हे उजेडाचे माप, आणि आजचा चांगला एलईडी दिवा एका वॉटला साधारण शंभर लुमेन देतो. म्हणजे २००० लुमेनसाठी वीस वॉट हवेत. त्या तीन सेलांत मिळून जेमतेम चार वॉट-तास वीज असते, म्हणजे दावा खरा मानला तर विजेरी बारा मिनिटांत विझली पाहिजे. ती तशी विझली नाही, कारण तिचा उजेड मुळातच देव्हाऱ्यातल्या समईपेक्षा फार अधिक नव्हता. ती पाण्यात टिकते का हे पाहण्यासाठी बादलीत बुडवली, तेव्हा काचेच्या आतून बुडबुडे आले आणि ती लुकलुकून बंद पडली. वेष्टनाच्या कोपऱ्यात आयपीएक्स-४ असे बारीक लिहिले होते, त्याचा अर्थ एवढाच की शिंतोडे उडाले तर चालतील. एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही चालणारी वस्तू हवी असेल, तर आयपीएक्स-७ हा शिक्का पाहून घ्यावा. आता आमच्याकडे कपाळाला पट्ट्याने बांधायच्या तशा दोन विजेऱ्या आहेत. आजीला धरून जिना चढताना दोन्ही हात मोकळे असणे काय असते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. दोन्हींना एकाच मापाचे सेल लागतात आणि तेच सेल आमच्या छोट्या रेडिओतही बसतात. ही जुळणी मुद्दाम केली आहे.

संचातल्या पॉवर बँकेबद्दलही हेच म्हणता येईल, फक्त तिथे दोष वस्तूचा कमी आणि जाहिरातीचा अधिक आहे. १०,००० एमएएचची ती पॉवर बँक व्यवस्थित चालते आणि साधा मोबाइल दीड-दोन वेळा भरते. तिच्या पाठीवर मात्र पोस्टकार्डाएवढे सौर पॅनेल चिकटवले आहे. त्यातून एक वॉटच्या आसपास वीज मिळते आणि बॅटरीत ३७ वॉट-तास मावतात. म्हणजे लख्ख उन्हाचे छत्तीस-सदतीस तास सलग मिळाले तर ती भरेल. ज्या जुलै महिन्यात ती लागणार, त्या महिन्यात सत्तरीत सूर्य दिसला तर लोक अंगणात येऊन बघतात. पॅनेलकडे दुर्लक्ष करून ती घरच्या विजेवर भरून ठेवावी आणि दर महिन्याला तपासावी. मे २०२१च्या तौक्ते चक्रीवादळात अनेक गावांत वीज कित्येक दिवस नव्हती, तेव्हा शेजारच्या काकींकडच्या मोटारीत बसून आम्ही आळीपाळीने फोन भरले होते. मोटारीत लावायचे चार्जर शंभर-दोनशे रुपयांत मिळते आणि ते या संचात नाही.

आता स्वसंरक्षणाच्या वस्तू. त्यासाठी संचात तीन गोष्टी होत्या : मिरचीचा फवारा, घडीचा चाकू आणि झटक्याने लांब होणारा स्टीलचा दंडुका. या तिन्हींकडे कायद्याच्या बाजूनेही पाहायला हवे, कारण विकणारा ते सांगत नाही. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात. घरकामाची, शेतीची आणि उद्योगातली अवजारे मात्र त्यातून वगळली आहेत. त्याच यादीत स्टीलच्या दंडुक्याचाही नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे मामांचा नारळ सोलायचा आणि फांद्या तोडायचा कोयता हे शेतीचे अवजार, आणि माझ्या बॅगेत आलेला, कोणाच्याही कामाला न येणारा दंडुका मात्र यादीतले हत्यार. तो मी वापरला नाही आणि संचात ठेवलाही नाही. घडीचा चाकू तीन इंचांचा आहे, दोरी कापायला बरा आहे, पण त्याचे पाते एका पावसाळ्यात गंजले. तौक्तेच्या दुसऱ्या दिवशी आडवी पडलेली झाडे बाजूला करायला कामाला आले ते कोयते, मोठी करवत आणि अग्निशमन दलाची यांत्रिक करवत.

मिरचीच्या फवाऱ्याचा प्रयोग मी परसात केला आणि त्याची शिक्षाही भोगली. आठ-दहा फुटांवर फवारा जातो असे लिहिले आहे. माडाच्या बुंध्यावर नेम धरून मी कळ दाबली, नेमका समोरून वारा आला आणि पुढचा अर्धा तास मी नळाखाली डोळे धूत बसलो. पावसाळ्यात आमच्याकडे वारा कधी कुठून येईल याचा नेम नसतो आणि बंद खोलीत तर फवारणारा आणि ज्याच्यावर फवारला तो, दोघेही सारखेच खोकतात. मी तो टाकून देणार होतो. त्यावर माझी पत्नी म्हणाली, "तुम्ही पुरात चोर येईल का याचा विचार करताय. शाळेच्या निवाऱ्यात रात्री दोन वाजता अंधारातून संडासाकडे जायची वेळ तुमच्यावर येत नाही." हे म्हणणे मला मान्य करावे लागले. मात्र त्या प्रसंगासाठीही तिने पहिली पसंती कपाळाच्या विजेरीला दिली, दुसरी शिट्टीला आणि तिसरी सोबतीला, फवारा चौथा. तो आता तिच्या पर्समध्ये असतो. त्यावर मुदतीची तारीख असते, ती उलटली की आतला दाब कमी होतो, हे घेणाऱ्यांनी पाहून ठेवावे. रिकामे घर सोडून निघताना चोरीची भीती वाटते ती खरी. तिच्यासाठी आम्ही मागच्या दाराला दुसरी कडी आणि एक जाड कुलूप लावले.

शिट्टी ही या बत्तीस वस्तूंमधली सर्वांत स्वस्त आणि निर्विवाद चांगली वस्तू. आत गोळी नसलेली, त्यामुळे ओली झाली तरी वाजणारी. पावसाच्या आणि पाण्याच्या आवाजात माणसाची हाक पन्नास पावलांवर विरते, शिवाय ओरडून घसा बसतो. शिट्टीचे तसे होत नाही. आम्ही अशा आणखी चार घेतल्या आणि प्रत्येकाच्या गळ्यात अडकवता येतील अशा दोऱ्या बांधल्या.

सर्पदंशाचा संच मात्र थेट कचऱ्यात टाकावा असा आहे. रबरी चूषक, लहान पाते आणि आवळून बांधायची पट्टी. चावलेल्या जागी चिरा देणे, विष ओढून काढणे, घट्ट आवळपट्टी बांधणे, या तिन्ही गोष्टी करू नयेत असेच डॉक्टर सांगतात. पुरात साप घरात, लाकडांत, माळ्यावरही चढतात, म्हणून ही भीती काल्पनिक नाही. परंतु उपाय एकच आहे : चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून हलू द्यायचा नाही, रुग्णाला चालवायचे नाही आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात लवकरात लवकर पोचायचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे प्रतिविष एकच असते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची धडपडही करू नये. १०८ हा क्रमांक आम्ही माळ्याच्या तुळईवर खडूने लिहिला आहे, त्याच्या खाली ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७.

दोरीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे चूक जिवावर बेतू शकते. संचात दोरीचे विणलेले कडे होते, "२५० किलो वजन पेलते" अशा दाव्याचे. उलगडले तर तीन मीटर दोरी निघते, बुटाच्या नाडीहून थोडी जाड. तिच्यावर वजन पेलेलही, पण ओल्या हातांनी ती धरून माणूस ओढता येत नाही, तळवे कापतात. ती बाजूला ठेवून मी बेतीच्या मालीम जेटीच्या बाजूला, मच्छीमारी सामान विकणाऱ्या एका दुकानात गेलो. नायलॉनची दोरी मागितली, तेव्हा दुकानदाराने आधी विचारले, "होडीला बांधायला की माणसाला टाकायला?" माणसासाठी म्हटल्यावर त्याने नायलॉनचे वेटोळे परत ठेवले आणि पॉलिप्रॉपिलीनची, बारा मिलिमीटरची पिवळी दोरी काढली. "ही तरंगते, भाऊ. नायलॉन बुडते. बुडालेली दोरी पाण्यात कोणाला सापडणार?" माझ्या समाधानासाठी त्याने दोन्हींचे तुकडे समोरच्या बादलीत टाकून दाखवले. पंधरा मीटर दोरी घेतली आणि तिच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा, झाकणबंद कॅन बांधून ठेवला. फेकायला वजन मिळते आणि पकडायला तरंगणारी वस्तू. दोरी धरायची असते, प्रवाहात उतरणाऱ्याच्या कमरेला बांधायची नसते, हेही त्यानेच बजावले. प्रवाहाचा जोर लागला की बांधलेली दोरी माणसाला पाण्याखाली ओढून धरते.

त्याच दुकानात जीवरक्षक जाकिटे पाहिली. आमच्या संचात जाकीट नव्हतेच, आणि नदीकाठच्या घरासाठी "संपूर्ण संच" म्हणवून घेणाऱ्या बॅगेत ते नसावे याचे मला अजूनही नवल वाटते. जाकीट किती जोराने तरंगवते, याचा न्यूटनमध्ये आकडा त्यावर असतो. पन्नासचे जाकीट पोहता येणाऱ्याला, काठाजवळ आधार म्हणून असते. पोहता न येणाऱ्यासाठी मानेमागे कॉलर असलेले किमान शंभरचे घ्यावे. दोन पायांमधून जाणारा पट्टा नसेल तर पाण्यात जाकीट वर सरकून तोंडाशी येते, म्हणून तो पाहूनच घ्यावे. आम्ही मोठ्यांची तीन आणि मुलीच्या वजनाप्रमाणे एक लहान घेतले. हा सर्वांत मोठा खर्च झाला, जवळजवळ त्या संपूर्ण बॅगेइतका. अर्थात जाकीट आहे म्हणून वाहत्या पाण्यात उतरायचे नाही. सहा इंच वेगवान पाणीही उभ्या माणसाचे पाय उचलू शकते.

उरलेल्या वस्तूंबद्दल फार सांगण्यासारखे नाही. चंदेरी पन्नी दुसऱ्यांदा घडी घालतानाच फाटली. तिची जागा दहा बाय बारा फुटांच्या ताडपत्रीने घेतली. खाण्याच्या चौकोनी वड्या पिठूळ आणि अतिगोड होत्या, आजीने एक चाखून उरलेली मांजराला दिली आणि मांजरानेही ती घेतली नाही. पोहे, गूळ, भाजलेले चणे, सुके खोबरे आणि बिस्किटे हवाबंद डब्यात आहेत. प्रथमोपचाराच्या डब्यात चिकटपट्ट्या भरपूर आणि कापूस, जंतुनाशक नाममात्र. त्यात मीठ-साखरेची पाकिटे आणि आजीच्या रक्तदाबाच्या दहा दिवसांच्या गोळ्या आम्ही घातल्या. संच जुळवणाऱ्याला आजीच्या गोळ्या ठाऊक असणे शक्य नाही, हे मान्य आहे, पण निदान त्यासाठी एक मोकळा कप्पा ठेवता आला असता.

खुद्द बॅगही पाणीरोधक नाही. शिवणीतून पाणी आत येते. गेल्या वर्षी गळक्या कौलाखाली एक रात्र राहिली आणि आतली माहितीपत्रके लगदा झाली. कागदपत्रे आणि फोन आता तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या दोन रबरी पिशव्यांत असतात.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी या बॅगेला दीड देईन. एक शिट्टीला आणि पॉवर बँकेला मिळून, अर्धा पाठीवरच्या मऊ पट्ट्यांना. ३,८९९ रुपयांत दोन चांगल्या विजेऱ्या, तरंगणारी दोरी, गमबुटांचे दोन जोड, ताडपत्री, क्लोरीनच्या गोळ्या आणि पॉवर बँक एवढे आमच्याच बाजारात आले असते, आणि दुकानदाराला दोन प्रश्न विचारता आले असते ते वेगळेच. माल परत करण्याची दहा दिवसांची मुदत माझी चाचण्या करण्यातच गेली, तेव्हा पहिल्याच दिवशी विजेरी बादलीत बुडवावी, असे घेणाऱ्यांना सुचवतो. आमची पुढची तपासणी मेच्या शेवटच्या रविवारी आहे. मामींच्या वहीत त्या दिवसासाठी तीन कामे लिहिलेली आहेत : सेल बदलणे, आजीच्या गोळ्यांची तारीख पाहणे, आणि मामांना बूट घालून जिना चढायला लावणे.